गुरुवारची बैरूत लाईन

अब्ला म्हणजे बाई, शाळेत शिकवणारी बाई. बहरीनच्या नईम मोहल्ल्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे तिला अब्लाच म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं, कारण आपल्या मराठीतल्या अबलेशी या बाईची सात पिढ्यांत सोयरीक नव्हती. उंच, रुंद खांद्यांची, चालताना जिना वाजवणारी. सरकारी शाळेत मुलींना अरबी शिकवायची. तिच्या दोन मुली, एक सहा वर्षांची आणि एक आठ, दप्तरं सांभाळत तिच्या मागून चढायच्या. ती पॅलेस्टिनी होती. नवरा लेबनॉनमध्ये होता, सैदा शहराजवळच्या निर्वासितांच्या छावणीत.

मी वसईची. ऐंशी साली बहरीनला आले, मनामातल्या एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून. दोन मल्याळी नर्सेसबरोबर दुसऱ्या मजल्यावर राहायचे. अब्ला तिसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर.

ओळख भांडणातून झाली. माझी दुपार दोन ते रात्री दहाची शिफ्ट असायची, सकाळी झोप लागायची, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ही बाई वर शिवणयंत्र चालवायची. यंत्र असं किंचाळायचं की दात शिवशिवायचे. मी पहिल्यापासून फटकळ. एका शुक्रवारी केस न विंचरताच वर गेले आणि हिंदी, इंग्रजी, अरबी जे येईल त्यात तिला सुनावलं. ती ऐकून घेत होती. मग तिने मला आत ओढलं, चहा दिला आणि म्हणाली, "तेल संपलंय. तुझ्याकडे आहे?" मी खाली जाऊन घरून आणलेली खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले आणि यंत्राला मनसोक्त तेल पाजलं. आमच्याकडे दाराच्या बिजागरीपासून डोक्यापर्यंत सगळ्याला तेच. जानेवारी आला, थंडी पडली, तेल यंत्राच्या पोटात गोठलं आणि यंत्र जागच्या जागी बसलं.

तिचा नवरा छावणीत शिवणयंत्रंच दुरुस्त करायचा. तिने हा प्रकार त्याला कळवला, त्याचं उत्तर आलं. यंत्र कसं उघडायचं, रॉकेलने कसं धुवायचं, सगळं चित्रं काढून. शेवटी लिहिलं होतं की त्या हिंदी बाईला सांग, खोबरेल केसांना घालतात. अब्ला ते वाचून दाखवताना इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. पण त्या दिवसापासून तो माझ्या ओळखीचा झाला.

तो इथे का येत नाही, हे मी तिला आगाऊपणे विचारलं होतं. नवराबायकोचं पटत नसावं असा माझा संशय. ती म्हणाली, त्याच्याकडे पासपोर्ट नाही, निर्वासिताचा कागद आहे, आणि त्या कागदावर त्याला व्हिसा मिळत नाही. तिला शिक्षिकेचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं म्हणून ती येऊ शकली, तिच्या पगारावर दोन्हीकडची चूल. शिवाय त्याची म्हातारी आई छावणी सोडायला तयार नव्हती. अठ्ठेचाळीस साली पॅलेस्टाईन सोडताना तिने घराला कुलूप लावलं होतं, दोन दिवसांत परत येऊ म्हणून. त्यानंतर ती कुठल्याच दाराला कुलूप लावून निघायला राजी नव्हती.

एकदा थंडीत हॉटेलच्या माणसांची सहल सखीरकडच्या वाळवंटात गेली. इथले लोक थंडीत तिथे हौसेने तंबू ठोकून राहतात. मी अब्लाला आणि मुलींना बरोबर नेलं. मुली वाळूत लोळल्या. अब्ला मात्र दिवसभर तंबूच्या बाहेर, उन्हात, एका उलट्या टोपलीवर बसून राहिली. मी आत बोलावलं तर म्हणाली, "मी सहा वर्षांची होते तेव्हापासून नऊ वर्षं तंबूत काढली. सहलीसाठी तंबूत येणारी माणसं आज पहिल्यांदा बघतेय." रागाने नाही बोलली. पण मला जेवण गेलं नाही.

आणखी एक गोष्ट. वर्षभर मी तिला मुसलमान समजत होते. अरब म्हणजे मुसलमान, एवढीच माझी अक्कल. मग एका शुक्रवारी मनामातल्या चर्चच्या पायऱ्यांवर ती समोरून उतरताना दिसली, डोक्यावर काळी जाळी, हाताला मुली. अरबी मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, संपवून ती निघाली होती, इंग्रजी मिस्साला मी जात होते. दोघी बघत राहिलो. ती म्हणाली, "मी तुला हिंदू समजत होते." त्या दिवसापासून ती मला उख्ती म्हणायला लागली, म्हणजे बहीण.

दर उन्हाळ्यात शाळा बंद झाली की ती लेबनॉनला जायची आणि सप्टेंबरात परत यायची. ब्याऐंशीच्या जूनमध्येही तिकिटं काढून झाली होती. बॅगा भरलेल्या. मुलींसाठी तिने दोन पिवळे फ्रॉक शिवले होते, उतरल्या उतरल्या बापाला दाखवायचे म्हणून ते इस्त्री करून बॅगेत वरच ठेवलेले. आणि तिकडे इस्रायलचं सैन्य लेबनॉनमध्ये घुसलं, युद्ध पेटलं. बैरूतचा विमानतळ बंद झाला. सैद्याच्या छावणीवर बॉम्ब पडत असल्याचं तिने रेडिओवर ऐकलं. त्या बॅगा पुढे कितीतरी दिवस तिच्या दाराशी भरलेल्याच उभ्या होत्या. येता-जाता अंगाला लागायच्या, पण त्या हलवायची कुणाची छाती नव्हती.

तिच्या घरी फोन नव्हता; निकडीचा निरोप असला तर म्हणून तिने नवऱ्याला माझ्या हॉटेलचा नंबर पूर्वीच पत्रातून कळवून ठेवला होता. मी म्हटलं, गुरुवारी दुपारी हॉटेलात ये, मी लावून देते. आमचा बोर्ड जुना होता, भोकांचा आणि दोऱ्यांचा. प्लग भोकात घालायचा, इंटरनॅशनल एक्स्चेंजला नंबर द्यायचा, नाव सांगायचं, थांबायचं. गुरुवारी दुपारी हॉटेल सुस्त असायचं. मॅनेजर बघून न बघितल्यासारखं करायचा. छावणीच्या तोंडाशी एक किराणा दुकान होतं, तिथला फोन नंबर अब्लाकडे होता. दुकानदार हाक मारून नवऱ्याला बोलावून आणायचा, अशी जुनी पद्धत. मी दर गुरुवारी बैरूतच्या ऑपरेटरला तो नंबर आणि ते नाव द्यायचे. त्याचं, त्याच्या बापाचं, आजोबाचं, अशी तिन्ही नावं, एक-एक अक्षर सुटं करून. ती बाजूच्या स्टुलावर बसून माझ्या ओठांकडे बघायची. जून गेला, जुलै गेला. नो लाईन. नो लाईन. मग ती उठून पर्स सावरायची आणि म्हणायची, "पुढच्या गुरुवारी. इंशाल्ला."

ऑगस्टच्या शेवटी एका मंगळवारी बोर्ड रिकामा होता, म्हणून मी आपली सहज बैरूतची लाईन मागितली. आणि लाईन लागली. दुकानदार स्वतः बोलत होता. मिशनच्या शाळेत शिकलेला, इंग्रजी बरं होतं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, ती गल्लीच राहिली नाही. घर पडलं. म्हातारी आत सापडली, तिला पुरलं. मी विचारलं, आणि तिचा मुलगा? तो म्हणाला, जे बाहेर आले ते आले. त्या दिवसानंतर त्याला कुणी बघितलेलं नाही. बायकोला सांगा, आता या नंबरवर फोन करू नका, इथे कुणी उरलेलं नाही. लाईन गेली.

मी हेडफोन काढून ठेवला. खोल्यांचे दिवे लागत होते, कुणाला चहा हवा होता, कुणाला टॅक्सी. माझ्या मनाने निकाल लावून टाकला होता. आई आत सापडली म्हणजे मुलगाही आतच. ढिगाऱ्याखाली.

एका माणसाला मी हे सांगितलं. हॉटेलचे स्टोअरकीपर रत्नागिरीकडचे होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पंचवीस वर्षं आखातात काढलेले, अरबी पाण्यासारखी बोलायचे. डब्यांच्या थप्प्यांमध्ये उभे राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाय, त्याला मेलेला कुणी बघितला काय?"

"नाही चाचा. पण घरच पडलं..."

"घर पडलेला बघितला. माणूस नाय बघितला. मग मेला म्हणू नको. जेवढं ऐकलंस तेवढं तिला सांग, नि गप ऱ्हव."

सोपी गोष्ट होती. ऐकलं तेवढं सांगायचं. मला नाही जमलं. गुरुवारी ती आली, स्टुलावर बसली, आणि माझ्या ओठांकडे बघायला लागली. मी प्लग हातात घेतला. खरा नंबर लावावा तर दुकानदार पुन्हा लागेल आणि तिच्यासमोर तेच बोलेल, ही भीती. म्हणून मी एक पाप केलं. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली दुरुस्तीला काढली होती. मी त्या खोलीच्या भोकात प्लग घातला आणि रिकाम्या खोलीला म्हटलं, "हॅलो, बैरूत?" तिन्ही नावं नेहमीसारखी अक्षर सुटं करून सांगितली. थांबले. मग मान हलवली. नो लाईन.

असे नऊ गुरुवार मी केले. दया म्हणून केले, असं मी स्वतःला सांगायचे. आता वाटतं, दयाबिया काही नाही. तिचं तोंड बघायची माझी हिंमत नव्हती.

नोव्हेंबर आला. दोन तारखेला आमचा मृतांचा दिवस. वसईला त्या दिवशी कबरी धुतात, फुलांनी भरतात, संध्याकाळी मेणबत्त्या लावतात, आणि मेलेल्यांची नावं कागदावर लिहून पाकीट चर्चमध्ये देतात, मिस्सात त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून. आई म्हणायची, ज्याच्या नावाने कुणी प्रार्थना करत नाही तो आत्मा मध्येच ताटकळतो. बहरीनला आल्यापासून मीही दरवर्षी पाकीट देत आले होते. त्या वर्षी अब्लाने तिच्या आईचं नाव माझ्याकडे दिलं. आई त्याच वर्षी अम्मानला भावाकडे वारली होती, हिला मातीला जाता आलं नव्हतं. मी माझे आजोबा, आजी, काका लिहिले. खाली अब्लाची आई. आणि मग माझा हात थांबेना. त्या माणसासाठी मिस्सा कोण करणार? त्याची बायको तर त्याला जिवंत समजत होती. तो तिथे ढिगाऱ्याखाली ताटकळतोय, आणि हे ठाऊक असलेली जगात मी एकटी. मी शेवटी त्याचं नाव लिहिलं. कॅपिटल अक्षरांत, तिन्ही नावं, जशी बैरूतला सांगायचे तशी.

आमचे जुने फादर पाकिटं एका टोपलीत घालून वेदीवर ठेवायचे, नावं कधी वाचायचे नाहीत. म्हणून मी निर्धास्त होते. पण उन्हाळ्यात ते बदलून गेले होते. नव्या फादरांनी त्या संध्याकाळी पाकिटं उघडली आणि नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

अब्ला माझ्या शेजारी बसली होती. आईचा पहिलाच मृतांचा दिवस म्हणून मुद्दाम इंग्रजी मिस्साला माझ्याबरोबर आली होती, मुलींच्या हातात मेणबत्त्या देऊन. मला उठून वेदीपर्यंत धावावंसं वाटलं. मी बाकावरच राहिले. फादर नवे, पाकिटातली अक्षरं बहुतेकांची गिचमिड. प्रत्येक नावाला ते अडखळत होते. माझ्या आजोबांच्या आडनावाची तर त्यांनी पार वाट लावली. मग अब्लाच्या आईचं नाव आलं, तिने डोळे मिटून क्रुसाची खूण केली. आणि त्यापुढचं नाव मात्र फादरांनी एका दमात, स्वच्छ, न चुकता वाचलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आजोबाचं. दुसऱ्या कुणाचं असेल म्हणायला जागाच ठेवली नव्हती मी.

ती ओरडली नाही. तिने मुलींच्या हातातल्या मेणबत्त्या काढून घेतल्या, फुंकर मारून विझवल्या, आणि मुलींना घेऊन बाहेर गेली. मी मागे धावले. फाटकाशी ती थांबली.

"तुला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. मंगळवार, दुकानदार, घर, म्हातारी. सगळं, तिथल्या तिथे, रस्त्यावर, मोटारी जात असताना.

"कधी?"

"ऑगस्टमध्ये."

ती हिशेब करत असावी. "मग सप्टेंबर? ऑक्टोबर? मी तिथे बसायचे ते?"

"रिकाम्या खोलीत प्लग घालायचे," मी म्हटलं.

"दुकानदारानेही बघितलं नाही म्हणतेस, तूही नाही. आणि तू त्याला माझ्या आईच्या बाजूला नेऊन पुरलंस." मुलींना तिने एका हाताने मागे ढकललं, जणू मी त्यांना काही करणार होते. "माझ्याकडे दुसरं काय होतं, उख्ती? वाट बघणं तेवढं होतं."

त्यानंतर तिने मला उख्ती म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. जिन्यात भेटली तर भिंतीकडे सरकून वाट द्यायची, परक्या पुरुषाला देतात तशी. सकाळी वर यंत्र चालायचं, पण आता ते कुरकुरत नव्हतं, नीट तेल घातलेलं होतं. मला ते जास्त लागायचं. नाताळात मी केक करून दाराशी ठेवला, तो तसाच खाली माझ्या दाराशी परत आला. चाचा एकदाच म्हणाले, "बाय, मी काय बोल्लो होतो?" आणि माझं तोंड बघून पुन्हा कधी बोलले नाहीत. असे अकरा महिने.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरातला सोमवार होता. दुपारी चारचा सुमार. बोर्डवर इंटरनॅशनलचा दिवा लागला. लेबनॉनहून कॉल आहे, घेता का? मी हॉटेलचं नाव सांगितलं. पलीकडे खरखर, आणि त्यातून एक पुरुषाचा आवाज अरबीत. तो म्हणाला, या नंबरवर निरोप ठेवतात असं बायकोने पूर्वी कळवलं होतं. मी नाव विचारलं.

त्याने तिन्ही नावं सांगितली.

ऑपरेटरने कधी गप्प राहायचं नसतं, पलीकडचा लाईन गेली समजतो. मी गप्प राहिले. तो "हॅलो, हॅलो" करायला लागला. मग मीच कुठून तरी आवाज काढला आणि सांगितलं मी कोण ते. तो हसला. "तू ती खोबरेलवाली?"

बॉम्ब पडले तेव्हा तो घरात नव्हताच, पाण्याच्या रांगेत होता. तिथून इस्रायली सैनिकांनी त्याला इतर पुरुषांबरोबर धरून नेलं. वर्षभर तारांच्या कुंपणात होता. आता सुटला आणि उत्तरेच्या एका बंदरात आला होता, तिथून बोटीने सायप्रसला जायचं बघत होता. आई गेल्याचं त्याला ठाऊक होतं. बायको-मुली कशा आहेत? बऱ्या आहेत, म्हटलं. तो म्हणाला, गुरुवारी चार वाजता, तुमच्या चार वाजता, पुन्हा करतो. तिला तिथे बसव.

मी कधी नव्हे ते अर्ध्या शिफ्टमधून उठले. टॅक्सीने नईमला आले, तिसरा मजला धावत चढले. अब्लाने साखळी लावूनच दार उघडलं. मी धापा टाकत सांगितलं, तो जिवंत आहे, त्याचा फोन आला होता, गुरुवारी चारला पुन्हा येणार आहे.

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या ओठांकडे.

"आज लाईन मिळाली वाटतं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी तशीच चाचांकडे गेले. म्हटलं, तुमचं ती ऐकेल, तुम्ही शपथेवर सांगा. चाचा म्हणाले, "बाय, मी आवाज ऐकला नाय. न ऐकलेल्याची शपथ कशी घेव?" मी त्यांच्यावर ओरडले, रडले, नाही नाही ते बोलले. शेवटी ते गेले, पण शपथ घेतली नाही. परत येऊन म्हणाले, "तिला बोल्लो, मी ऐकलं नाय. पण ही बाय खोटा बोलते तेव्हा रडत नाय. आज रडते हा. बाकी तुझा तू बघ."

गुरुवार आला. चार वाजले. स्टूल रिकामं. चार दहाला इंटरनॅशनलचा दिवा लागला.

"आहे का ती?" त्याने पहिलं तेच विचारलं.

काय सांगणार होते? की तुझी बायको माझ्यावर विश्वास ठेवत नाही, कारण मी तुला वर्षापूर्वीच मारून टाकलं? मी म्हटलं, परीक्षेची ड्युटी लागली, निघाली आहे, रस्त्यात आहे. त्यालाही मी खोटंच सांगितलं. तो म्हणाला, थांबतो. लाईनवर खरखर, मागे माणसांचा गलका, आणि तो थांबला. मध्ये मध्ये काही विचारायचा. मोठी केवढी झाली? धाकटीचे पुढचे दात आले? मी सांगत होते आणि डोळे दाराकडे. मग तो म्हणाला, मागे रांग लागली आहे, लोक ओरडतायत, लिहून घे. मी पॅड ओढला. तो म्हणाला, तिला सांग, बटण अजून लावलेलं नाही. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं, म्हणून पुन्हा विचारलं. तो म्हणाला, बरोबर लिहिलंस, बटण अजून लावलेलं नाही, तिला समजेल. पुन्हा फोन करीन, सायप्रसहून. आणि लाईन गेली.

चार वाजून वीस मिनिटांनी अब्ला आत आली. दोन्ही मुली बरोबर. त्यांच्या अंगावर ते पिवळे फ्रॉक होते. दीड वर्षात पोरी वाढलेल्या, म्हणून तिने बाह्यांची शिवण उसवून, दुमड सोडून फ्रॉक मोठे केले होते, खालच्या कडेला कापडाचा जुना रंग वेगळा दिसत होता. इस्त्री केली होती. केसांना रिबिनी बांधल्या होत्या. फोनवर काही दिसत नसतं हे त्या शिकलेल्या बाईला कळत नव्हतं का? कळत होतं. पण शेवटच्या क्षणापर्यंत यायचं की नाही ठरत नव्हतं आणि हात आपोआप शिवत होते, असं ती मला मागाहून म्हणाली.

तिने बोर्डकडे बघितलं. सगळे दिवे विझलेले.

मी पॅड पुढे केला. मग मीच वाचून दाखवलं. बटण अजून लावलेलं नाही.

ती स्टुलावर बसली. एक्याऐंशीच्या सप्टेंबरात तो तिला विमानतळावर सोडायला आला होता, तेव्हा त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं होतं. सगळ्या गावाची यंत्रं दुरुस्त करतोस आणि स्वतःला बटण लावता येत नाही, म्हणून ती तिथे सगळ्यांदेखत त्याच्यावर चिडली होती. शेवटचं बोलणं ते. कुणालाच सांगितलं नव्हतं, तिला त्याची लाज वाटायची. तिने माझ्या हातातून तो कागद घेतला आणि तोंडावर दाबून धरला. मोठी मुलगी विचारत होती, "बाबा कुठे आहेत? आपण उशिरा आलो का?" माझ्याच्याने ते ऐकवेना. मी दुसऱ्या कुणाचा तरी फोन घेतल्याचं सोंग केलं.

सायप्रसहून फोन आला नाही. पुढच्याच महिन्यात त्या बंदराच्या शहरात लढाई सुरू झाली.

अब्ला पुन्हा दर गुरुवारी यायला लागली. आता मी हेडफोन तिच्या कानाला लावायचे. प्लग मी घालायचे, ऐकायची ती. बैरूतचा ऑपरेटर नो लाईन म्हणायचा ते तिच्याच कानात. ती मला उख्ती म्हणायला लागली होती, पण पूर्वीसारखी हसली नाही. मी तिच्याकडे माफी मागितली तेव्हा म्हणाली, "दहा मिनिटं तुझी नव्हती, माझी होती. मी इस्त्री करत होते." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. मला बरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. नऊ गुरुवार मी रिकाम्या खोलीशी बोलले नसते, तर ती त्या दिवशी सकाळपासूनच स्टुलावर येऊन बसली असती.

शहाऐंशी साली तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ती मुलींना घेऊन अम्मानला भावाकडे गेली. यंत्र मला देऊन गेली, बरोबर पातळ तेलाची कुपी. त्या मृतांच्या दिवसापासून मी पाकीट देणं बंद केलं होतं. मध्यंतरी माझे वडील वारले. आईने पत्रातून तीनदा विचारलं, नाव दिलंस का? मी हो म्हणून कळवलं. दिलं नव्हतं. कुणाचंही नाव त्या कागदावर लिहायला माझा हात धजत नव्हता.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात तिचं पत्र आलं, मुलीच्या हातचं, इंग्रजीत. त्या बंदरात तिच्या नवऱ्याबरोबर असलेला एक माणूस अम्मानला येऊन तिला भेटला होता. बोटीच्या धक्क्याजवळ गोळा पडला तेव्हा तो शेजारीच होता. त्याने डोळ्यांनी बघितलं होतं, हातांनी पुरलं होतं. आपल्या फोननंतर पाच आठवड्यांनी. पुढे मुलींच्या शाळेचं, भावाच्या तब्येतीचं लिहिलं होतं. आणि सर्वांत खाली अब्लाच्या स्वतःच्या हाताने, मोडक्या इंग्रजीत दोन ओळी होत्या.

"यंदा त्याचं नाव लिही. तुझं अक्षर स्वच्छ आहे."

मी लिहिलं. आधी माझ्या वडिलांचं, मग तिच्या आईचं, मग त्याचं, तिन्ही नावं, अक्षर न् अक्षर सुटं. दोन तारखेला पाकीट टोपलीत टाकलं नाही. फादरांच्या हातात दिलं आणि म्हटलं, फादर, हे मोठ्याने वाचा.